आईचं ताट, आत्याचा पक्ष

आमच्या घरात दोन बायका मिळून एक पुढारी होत असे. चेहरा आईचा, पाय आत्याचे. चेहरा पेपरात यायचा आणि पाय गावोगाव फिरायचे. बारामती-इंदापूरकडच्या अर्ध्या लोकांना ती एकच बाई आहे असं कितीतरी वर्षं वाटत होतं. पक्षाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा घरातही ते कुणी घेत नसे. नवऱ्याला जसं नुसतं ‘हे’ म्हणतात, तसं आमच्यात नुसतं ‘पक्ष’ म्हणत. पक्षाची गाडी आली, पक्षाचं जेवण हाय, पक्षानं आज लय डोकं खाल्लं. मी अगदी लहान असताना पक्ष म्हणजे कुणीतरी लांबचा, जरा कटकट्या पाहुणा असावा अशी माझी समजूत होती. आता एवढं वय झाल्यावर वाटतं, ती समजूत फारशी चुकीची नव्हती.

जळोचीत आमचं घर गावाच्या कडेला होतं. पुढं पत्र्याची पडवी, मागं म्हशींचा गोठा आणि गोठ्याच्या पलीकडं भेंडी-गवारीचा मळा. आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला धरला आणि मेंढरं विकली. पण घरातल्या आवाजाची पट्टी मेंढरांचीच राहिली. आमच्याकडं हळू बोलणारा माणूस आजारी समजत. आत्या पडवीत उभी राहून हाळी द्यायची तर मळ्याच्या शेवटाला पाण्याच्या मोटारीपाशी बसलेले आण्णा उठून उभे राहायचे, आणि शेजारचेही दोघेतिघे उठायचे. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि लसणाची चटणी, आणि पक्षाच्या बायका यायच्या त्या दिवशी हुलग्याचीच शेंगुळी. मोठ्या पातेल्यात शेंगुळी रटरटायला लागली की त्या वासावरूनच मला कळायचं, आज शाळेतून आल्यावर पडवीत पाय ठेवायला जागा नसणार. भिंतीला टेकून बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवरची पोरं, मिसरीचा वास आणि एकाच वेळी चाललेली सगळ्यांची बोलणी. मी तिथंच अभ्यास करायचे. पुढं बारामतीच्या कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, तुला गोंगाटात वाचता कसं येतं. मला शांततेत येत नाही, आजही येत नाही.

हिराआत्या ही आण्णांची थोरली बहीण. तिला बावड्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि आण्णा बैलगाडी घेऊन जाऊन तिला परत घेऊन आले. कपाळाचं कुंकू गेलं. हिरवं गोंदण तेवढं राहिलं, कारण ते पुसता येत नाही. पण आत्याचं भांडवल त्याच्याही आधीचं होतं. लग्नाआधी ती आजोबांबरोबर मेंढरांमागं फिरलेली. आमच्या लोकांची रीत अशी की कळप शेतकऱ्याच्या रानात बसवायचा, रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. त्यामुळं कऱ्हाटीपासून बावड्यापर्यंत कुठल्या घरची सासू कशी, कुठल्या विहिरीवर कोण रडतं, हे पोरवयातच तिला ठाऊक झालं होतं. त्या घरांतल्या पोरी तिच्याबरोबर वाढल्या, सासुरवाशिणी झाल्या, सासवा झाल्या. पक्षाला सभेसाठी बाया हव्या असत तेव्हा इतर कार्यकर्ते दवंडी दिल्यासारखं फिरत आणि चार बाया आणत. आत्या एखाद्या गावात जाऊन नुसती पाणवठ्यावर उभी राहायची. बाया तिच्याबरोबर यायच्या, पण फुकट नाही. त्या गावचा हातपंप, रेशनचं दुकान, शाळेपुढचा दारूचा गुत्ता, काहीतरी ती आधी पक्षाच्या गळ्यात घालायची आणि मगच सभेची तारीख विचारायची. याला राजकारण म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागाचे पक्षाचे अध्यक्ष तात्या तिला नेहमी म्हणायचे, “हिराक्का, तुमच्याबिगर पक्षाचं पान हालत न्हाय.” गोड बोलण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस मात्र वाईट नव्हता, हे इथंच सांगून ठेवते.

आता आईचं. मोठा पुढारी आला की त्याला ओवाळायचं असतं. ओवाळायला सवाष्ण लागते. आत्या बायकांना आणणार, सतरंज्या घालून घेणार, आचाऱ्याला दम देणार, आणि गाडीचा हॉर्न वाजला की स्वयंपाकाच्या बाजूला निघून जाणार. मग आई नवीन साडीचा पदर डोक्यावरून घेऊन, ताट हातात धरून पुढं यायची. आई गोरी, ठसठशीत कुंकवाची, आणि पुढाऱ्याच्या तोंडाकडं कधीच न बघणारी. ती त्याच्या शर्टाच्या वरच्या गुंडीकडं बघून ओवाळायची. त्यामुळं राज्यातले मोठमोठे लोक आमच्या आईच्या हातून ओवाळून घेऊन गेले आणि तिला एकाचाही चेहरा सांगता यायचा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: स्वागत करताना सौ. सुलोचना अमुक अमुक. एका फोटोत कडेला एक हात आणि त्यात पळी दिसते. तो हात आत्याचा. आण्णा तो फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे आणि म्हणायचे, आमची आक्का पेपरात आली.

मी कॉलेजात गेले त्याच्या पुढच्या वर्षी ही गोष्ट घडली. गावात, पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या होत्या, पण पक्षाच्या आत सगळा पुरुषांचाच दरबार. मग मुंबईत काहीतरी ठरलं आणि निरोप आला की प्रदेश कार्यकारिणीवर भागाभागातून बाया घ्यायच्या. बारामती-इंदापूर मिळून एक. महिलांच्या प्रदेशाध्यक्षा स्वतः इंदापूरला येऊन मेळावा घेणार आणि तिथंच नाव ठरवणार. त्या दिवशी आत्या आणि आई शेंगुळी वळत बसल्या होत्या. आत्या कधी स्वतःसाठी काही मागायची नाही. लुगडंसुद्धा आण्णा आणतील ते. त्या दिवशी मात्र हातातलं पीठ तसंच धरून ती म्हणाली, “सुलोचना, आपण बाया गोळा करतो, सभा भरवतो. पण तिकिटं वाटत्यात ती खोली आजून मी बघितली न्हाय. एकदा तितं बसाय पायजे.” आईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. आईच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील, आणि नणंदेच्या तोंडून ‘पाहिजे’ हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. ती म्हणाली, मग तुमीच जायचं वन्सं, दुसरं हाय कोण.

दुसऱ्याच आठवड्यात तात्या आले. पडवीत बसले, चहा झाला, मग म्हणाले की नाव सुलोचनावैनींचं द्यायचं ठरतंय. चेहरा ओळखीचा आहे, वरच्या लोकांनी फोटोत पाहिलाय. काम हिराक्कांनी करायचं, आहे तसंच. घर एक, मग नाव कुणाचं का असेना. आत्याचं नाव का नको हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त तिच्या कपाळाकडं बघून नजर खाली घेतली आणि म्हणाले, लोक नावं ठेवत्यात हो. आत्या म्हणाली, “द्या की. घरातच ऱ्हातंय न्हवं.” आणि उठून म्हशींना वैरण टाकायला गेली. मला इतका राग आला की मी तात्यांची कपबशी उचललीच नाही. आईनं डोळे वटारले तरी नाही. आण्णा एरवी पक्षाच्या भानगडीत पडत नसत. त्या दिवशी जेवताना एवढंच बोलले, “मेंढरं राखली आक्कानं आन् घोंगडं दुसऱ्याच्या खांद्यावर,” आणि हात धुऊन मळ्यात निघून गेले. तो दुसरा खांदा म्हणजे आईचा. तिनं ते ऐकलं आणि ताटातली भाकरी तशीच ठेवली.

त्यानंतरचे दिवस घरात फार विचित्र गेले. दोघी एकमेकींशी जास्तच गोड बोलायच्या. आईनं दोनदा तीनदा आत्याला सांगून पाहिलं की मला हे जमायचं नाही, तुम्ही तात्यांना सांगा. आत्या म्हणायची, शबूद दिलाय. शब्द दिला की आत्या हलायची नाही, तो स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवणारा का असेना. उलट तिनंच आईला भाषण शिकवायला घेतलं. मान्यवर व्यासपीठ, आणि माझ्या माताभगिनींनो. आईला ‘व्यासपीठ’च्या पुढं सरकताच येईना. धार काढताना ती ते म्हशीला म्हणून दाखवायची, आणि म्हैस पान्हा चोरायची. डेअरीवाल्यानं विचारलं, दूध कमी का. आण्णा म्हणाले, पक्षाला गेलं. हसून हसून आमची पोटं दुखली आणि हसता हसता आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना, तशी ती चुलीच्या धुराला शिव्या देत आत गेली. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

मेळावा इंदापुरातल्या एका मंगल कार्यालयात होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो, जीपगाड्या भरभरून बाया आल्या. बावड्याच्या बाया तर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा धरून बसल्या होत्या. आत्या पहाटेपासून मागं, आचाऱ्यांजवळ. मी आईच्या शेजारी नारळ घेऊन उभी. प्रदेशाध्यक्षाबाई गाडीतून उतरल्या आणि पायऱ्या चढून आल्या. खानदेशातल्या होत्या, साठीच्या आसपासच्या, फिकट सुती साडी, अंगानं काटक. आईनं नेहमीप्रमाणं खाली बघतच बोट कुंकवात बुडवलं, हात वर नेला, आणि कपाळाचा अंदाज घ्यायला म्हणून नजर उचलली. कपाळ मोकळं होतं. बाईंचे यजमान गेलेले होते आणि आमच्याकडं कुणाच्या हे ध्यानातच नव्हतं. इतकी वर्षं पुरुषच ओवाळले होते, पुरुषाच्या कपाळाचा विचार करावा लागत नाही. आईचं लाल बोट तसंच हवेत राहिलं. सतरंजीवर कुणीतरी जिभेनं चुकचुकलं. तात्या मागून दबक्या आवाजात म्हणाले, वैनी, नुसतं ओवाळा. अध्यक्षाबाई हसल्या. म्हणाल्या, “असू द्या बाई. मला सवय आहे.”

हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला ते अजून टोचतं. राज्यभर हिंडणारी बाई, गावोगाव ताटं घेऊन उभ्या असलेल्या सवाष्णी, आणि प्रत्येक ठिकाणी ही अशी सवय. आई हलेना. मग तिनं मान वळवली आणि जन्मात पहिल्यांदा, चारशे माणसांत, आमच्या घरातल्या आवाजात हाळी दिली: “वन्सं, भंडारा घेऊन या.”

भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. आमच्यात ती सगळ्यांना लागते. देवाला, भगताला, नवरानवरीला, विधवेला, पाहुण्याला, आजारी मेंढराला. तिला सवाष्ण लागत नाही आणि ती कुणाला टाळत नाही. आत्याच्या कंबरेच्या पिशवीत ती कायम असायची. हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला, अशी आत्या बाहेर आली, तिनं आईचं बोट बघितलं, बाईंचं कपाळ बघितलं आणि तिला सगळं उमजलं. पिशवीतून चिमूट काढून तिनं बाईंच्या कपाळावर भुवयांपासून केसांपर्यंत पिवळी भंडाऱ्याची बोटं ओढली. अध्यक्षाबाईंनी डोळे मिटले. नंतर उघडायला त्यांना जरा वेळ लागला. पुढं कितीतरी वर्षांनी माझे मिस्टर गेले तेव्हा माझ्या लेकीनं मला टिकली काढू दिली नाही, काळ तेवढा पुढं आलाय; पण लग्नघरात हळदीकुंकवाची ताटली माझ्यापाशी येऊन न थांबता पुढं सरकते, तेव्हा मला त्यांचे ते मिटलेले डोळे दिसतात.

मग तात्यांनी माइकवर आईचं नाव पुकारलं. आई माइकपाशी गेली. मान्यवर व्यासपीठ, म्हणाली, आणि थांबली. मी मनात पुढचं वाक्य म्हणत होते. आईनं ते म्हटलं नाही. ती म्हणाली, “भाषण माझ्याकडनं पाठ करून घेतलंय, ते वन्संनीच घेतलंय. मी नुसतं ताट धरती. तुमच्या गावात कोण येतं, ते तुमीच सांगा.” कऱ्हाटीची एक म्हातारी बसल्या जागेवरून, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, हिरा येती. मग बावड्याच्या बाया, मग सगळ्याच. अध्यक्षाबाईंनी आत्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला यायचंय का प्रदेशावर. आत्यानं आधी तात्यांकडं बघितलं. शब्द दिलेला. म्हणाली, सुलोचना जाईल की, मी हायेच मागं. माइक चालूच होता, त्यामुळं आईनं हळू म्हटलेलंसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं: “वन्सं, मनात हाय का न्हाय, तेवढंच सांगा.”

आत्या खाली बघत राहिली. एवढी मोठी, सगळ्या मुलखाला दम देणारी बाई, पण लहान पोरीसारखी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार आणि मी तिला जन्मभर माफ करणार नाही. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. “हाय,” ती म्हणाली. “मला पायजे. तिकिटं जितं वाटत्यात तितं मला बसायचंय.” अध्यक्षाबाई तात्यांना म्हणाल्या, लिहून घ्या. तात्यांचं तोंड उतरलं, पण जेवणं उरकेपर्यंत हे सगळं आपणच कसं जुळवून आणलं हे ते लोकांना सांगायला लागले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आत्याचा फोटो आला, भंडारा लावताना, चांगला मोठा, चेहऱ्यासकट. खाली छापलं होतं: सौ. सुलोचना. पेपरवाल्याला सवयीनं तेच नाव सुचलं. आण्णांनी त्याच्यावर पेनानं काट मारून वर ‘हिरा’ लिहिलं आणि तो पेपर खिशात घालून आठवडाभर बाजारात हिंडले.

मुंबईच्या पहिल्या बैठकीला आत्याबरोबर मला पाठवलं. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली, आणि आत्याला स्वतःची लग्नातली जरीकाठी साडी नेसायला लावली. पक्षाच्या कचेरीत दाराबाहेरच्या बाकावर मी बसून राहिले आणि दार लागलं. बैठक सुटली तेव्हा आत्या सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, घरी गेल्यावर. अख्ख्या प्रवासात ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला तिथं कुणी काही बोललं असेल, हसलं असेल, असंच मला वाटत राहिलं. सकाळी बारामतीला उतरून जळोचीला पोचलो तर आई पडवीतच उभी होती. आत्यानं पाय धुतले, भिंतीला टेकून बसली. आई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, सांगा आता.

आत्यानं सांगितलं की तिकिटांचा विषय काही निघाला नाही, तो पुढल्या खेपेला. लांबच्या लांब टेबल होतं. पुरुष बक्कळ, आणि तिच्यासकट बाया तीन. निम्मं बोलणं झालं आणि शिपायानं चहाचा भला मोठा ट्रे आणून टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

“समदे आमच्या तिघींकडं बगाय लागले,” आत्या म्हणाली. “उठायला झालतं बग, सुलोचना. गुडघं आपसूक सरळ व्हायला लागलं. मग मी दोनी हातानं खुर्ची गच धरली. त्या दोघी माझ्याकडं बगत हुत्या. त्याबी मग बसूनच ऱ्हायल्या.”

आईनं तोंडावर पदर धरला होता. विचारलं, “मग चहा वाटला कुणी?”

“कुणी न्हाय,” आत्या म्हणाली. “पार गार झाला. मग ज्येचा त्येनं उचलला.”